व्ही-क्रॉससाठी ऑफ-रोड रिम: १६ की १७, ऑफसेट किती, स्टील की अलॉय?

शिवार४बाय४

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१९ ची, ४×४. सध्या कंपनीचेच १८ इंची अलॉय आहेत, टायर २५५/६० आर१८. रिमच्या पाठीमागे १८×७जे (७ इंच रुंदी) आणि ईटी ३३ (ऑफसेट, मिमीमध्ये) असं कोरलेलं दिसतं. टायर संपत आलेत, म्हणून रिमही आत्ताच बदलून घ्यायचा विचार आहे.

वापर असा आहे: मंगळवेढ्याकडचं काळं रान आणि पाणंद, सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागेपर्यंत मुरूम आणि दगडगोटे, अधूनमधून उजनीच्या काठाने. मागे ४०० ते ५०० किलो माल असतो, खत किंवा क्रेट. पुण्यालाही जाणं होतं, त्यामुळे हायवे सुटत नाही. गाडी उंच करणारं लिफ्ट किट नाही आणि बसवायचंही नाही.

सोलापुरात तीन पर्याय समोर आलेत.

१) काळे स्टील रिम १६×८, ईटी शून्य, त्यावर २६५/७५ आर१६ एमटी (चिखलाचे टायर).
२) नवे अलॉय १७×९, ईटी मायनस १२, कडेला बोल्टांची रिंग असलेले, बीडलॉकसारखे दिसणारे.
३) फॉर्च्युनरचे काढलेले १७ इंची कंपनी अलॉय, वापरलेले पण सरळ आहेत म्हणतात.

तिन्हींचा पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ६×१३९.७ आहे, तो मी मोजून घेतला. दुकानदाराच्या मते तिन्ही ‘डायरेक्ट फिट’. खरंच तसं आहे का? निवड करताना नेमकं काय बघायचं?


पान्हा२१

पीसीडी जुळला म्हणजे हबचे स्टड (ज्यांवर नट लागतात ते बोल्ट) भोकात गेले, एवढंच सिद्ध झालं. त्यापुढे ऑफसेट, मधलं भोक, नटाची बैठक आणि ब्रेक कॅलिपरची जागा एवढं सगळं जुळावं लागतं. यात ऑफसेट सर्वात महत्त्वाचा, आणि दुकानात सर्वात कमी बोललं जातं ते त्याच्याचबद्दल.

रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. हिशेब सोपा आहे. रुंदी इंचात घ्या, २५.४ ने गुणा, निम्मी करा. त्यातून ईटी वजा केला की हबपासून बाहेरची कड किती पुढे आहे ते मिळतं, आणि ईटी मिळवला की आतली कड किती आत आहे ते.

तुमचा आत्ताचा रिम: निम्मी रुंदी ८८.९ मिमी. बाहेर ५५.९, आत १२१.९.
पर्याय १: निम्मी रुंदी १०१.६. बाहेर १०१.६, आत १०१.६. म्हणजे बाहेरची कड जवळपास ४६ मिमी पुढे सरकली.
पर्याय २: निम्मी रुंदी ११४.३. बाहेर १२६.३, आत १०२.३. बाहेरची कड ७० मिमी पुढे!

(जे ही रुंदी टायर बसतो त्या आतल्या मापाची असते. कडा धरून रिम साधारण इंचभर जास्त रुंद भरतो. तुलनेत फरक पडत नाही, पण पट्टी लावून मोजलंत तर गोंधळ होईल.)

चाक ७० मिमी बाहेर गेल्यावर काय होतं? टायरचा मध्य हबपासून ४५ मिमी लांब गेला, म्हणून बेअरिंगवर तिरका भार वाढला. स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं तो अक्ष जमिनीला जिथे मिळतो आणि टायर जिथे टेकतो, त्यांतलं अंतर वाढलं. त्यामुळे एका बाजूचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग हातातून हिसकतं, आणि बॉल जॉइंट, टाय रॉड एंड लवकर ढिले होतात. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवताना चाक मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून तोच टायर जो ईटी ३३ वर कुठेच लागत नव्हता तो बंपरच्या कोपऱ्याला आणि मागच्या चिखलपट्टीला घासायला लागतो. चिखल सगळा दारावर येतो ते वेगळंच.

व्ही-क्रॉसला लिफ्टशिवाय ईटी २० च्या खाली जाऊ नका. १७×८ ला ईटी २० घेतला तर आतली कड १२१.६ येते, म्हणजे जिथे होती तिथेच, आणि बाहेर फक्त २६ मिमी. १७×७.५ ला ईटी २५ असेल तर बाहेर जेमतेम १४ मिमी. ही मापं गाडीला सोसतात.

आता टायरची उंची. तुमचा २५५/६० आर१८ म्हणजे ७६३ मिमी. बदलायचे असतील तर हे बघा:

२५५/७० आर१६: ७६३ मिमी, तंतोतंत तेच
२५५/६५ आर१७: हेही ७६३
२६५/७० आर१६: ७७७, म्हणजे १.९ टक्के जास्त
२६५/६५ आर१७: ७७६, १.७ टक्के जास्त
२६५/७५ आर१६: ८०४, ५.३ टक्के जास्त

दोन टक्क्यांपर्यंत गाडीला काही कळत नाही. पाच टक्क्यांवर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने पळत असेल, पहिला गिअर लांब झाल्याने भरलेली गाडी चढाला ओढताना क्लच जास्त तापेल, आणि लिफ्ट नसताना टायर घासेल ते घासेलच. थोडक्यात, पर्याय १ मधला टायर तुमच्यासाठी नाही, आणि पर्याय २ चा रिम तर विचारातच घेऊ नका.


मुरूमवाट

पान्हा२१ यांचा हिशेब बरोबर आहे. मी मटेरियल आणि इंचांबद्दल लिहितो, कारण इथली जमीन बघून निवड करावी लागते.

१८ वरून खाली उतरायचं कारण टायरच्या भिंतीची उंची. आत्ता ती १५३ मिमी आहे. १७ वर २५५/६५ घेतला तर १६६, आणि १६ वर २५५/७० घेतला तर १७८. बाहेरून टायर तेवढाच, पण दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये २५ मिमी रबर आणि हवा वाढली. सांगोल्याकडच्या मुरमात, हवा थोडी कमी करून चालवताना हे २५ मिमीच रिम वाचवतात. माझं मत स्पष्ट १६ च्या बाजूने आहे.

स्टील की अलॉय? स्टीलची कड वाकते. वाकलेली कड हातोड्याने ठोकून, खाली लाकडाचा ठोकळा धरून, हवा धरण्याइतकी सरळ करता येते, तीही रानात. ओतीव अलॉयला तेवढाच मार बसला तर तडा जातो आणि हवा बसते. पण बाजारातले सगळेच काळे स्टील रिम चांगले असतात असं नाही. घेताना हे पाहा:

मधली तबकडी आणि बाहेरचा पट्टा यांच्या जोडावरचं वेल्डिंग. तुटक टाके असतील तर प्रत्येक टाका नीट भिनलेला हवा, कडेला खाच नको.

हबला टेकणारा भाग आणि नटाची बैठक यांवर रंगाचा जाड थर नको. हे फार जण बघत नाहीत. नट आवळला की तो रंग दाबला जातो, पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये पावडर होऊन निघून जातो आणि नट आपोआप ढिला पडतो. रंग जाड असेल तर त्या दोन जागा पॉलिश पेपरने घासून जाड थर काढून घ्या, नुसता पातळ प्रायमर राहू दे.

रिमवर कोरलेली भारक्षमता. गाडीच्या प्लेटवर मागच्या आसाचा कमाल भार दिलेला असतो. त्याचा निम्मा म्हणजे एका चाकाचा उभा भार, आणि खड्ड्यात आपटताना तो कितीतरी वाढतो. कारसाठी बनवलेल्या कितीतरी अलॉयवर ६९० किलो असं कोरलेलं असतं. पिकअपला ते चालत नाहीत, दिसायला कितीही दणकट असू देत. मालवाहू पिकअपला १००० किलोच्या आसपासचा रिम बघा. काहीच कोरलेलं नसेल तर हात जोडून परत करा.

टायरचा लोड इंडेक्सही त्याच हिशेबाने. १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०. आत्ताच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली उतरू नका.

काळ्या रानाबद्दल एक गोष्ट. वाफसा यायच्या आधी गाडी घातली की चिकण माती रिमच्या आतल्या खोलगट भागात थापली जाते. वाळली की सिमेंट. मग हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला पैसे घालतात. पाण्याचा जोर लावून आतून धुतलं की थरथर जाते. म्हणून रिमच्या खिडक्या मोठ्या हव्यात, पाइप आतपर्यंत गेला पाहिजे. बारीक जाळीचं डिझाइन आपल्याकडे नकोच.

आणि सर्वात सोपा मार्ग कुणी सांगितला नाही. २०१६ च्या सुरुवातीच्या व्ही-क्रॉसला कंपनीनेच २४५/७० आर१६ दिले होते. त्या गाड्यांचे काढलेले १६ इंची मूळ अलॉय सुस्थितीत मिळाले तर ऑफसेट, भोक, नट, काहीच बदलावं लागत नाही. त्यावर २५५/७० आर१६ घाला. जुन्या गाड्या ज्यांच्याकडे तोडायला येतात त्यांच्याकडे विचारून ठेवा.


शिवार४बाय४

दोघांचेही आभार, एवढं नेमकं कुणी सांगत नाही. पर्याय १ आणि २ रद्द. १६ इंची मूळ सेट शोधतो, पण फॉर्च्युनरचे १७ इंची आजच हाताशी आहेत आणि भाव बरा आहे. ते घेतले तर काय काय करावं लागेल? दुकानदार म्हणतो तुमचेच नट लागतात.


पान्हा२१

मालक, तिथेच थांबा. तुमचे नट चुडीला लागतात, बैठकीला लागत नाहीत. दोन्ही गाड्यांचे स्टड एम१२×१.५, म्हणून नट फिरतो आणि घट्टही वाटतो. पण इसुझूच्या नटाचं टोक ६० अंशांत निमुळतं आहे, आणि टोयोटाच्या त्या कंपनी अलॉयची भोकं सपाट बैठकीची असतात: नटाला खाली लांब नळी आणि वर सपाट वॉशर. निमुळता नट सपाट बैठकीत घातला की तो फक्त भोकाच्या कडेवर, केसाएवढ्या रेषेवर टेकतो. तिथलं अॅल्युमिनियम चेपतं, ताण जातो, नट सैल होतो, चाक हलायला लागतं आणि शेवटी स्टड कापले जातात. नट काढून भोकात बोट फिरवा. उतार लागला तर निमुळती बैठक, काटकोनात पायरी लागली तर सपाट. सपाट असेल तर नळीवाले नट घ्या, चार चाकांचे २४. नट हाताने फिरवताना किमान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत, म्हणजे १२ मिमी चुडी पकडीत आली. कमी फेरे म्हणजे पकड अपुरी.

दुसरी गोष्ट मधलं भोक. टोयोटाचं १०६.१ मिमी. तुमच्या हबची मान १०० मिमीच्या आसपास, नेमकं व्हर्नियरने मोजा. म्हणजे सगळीकडून ३ मिमी फट. निमुळता नट चाकाला स्वतःच मध्यावर आणतो. सपाट नटाला ते जमत नाही, तिथे मध्य साधायचं काम हबच्या मानेचं. म्हणून या जोडीला मधली रिंग अत्यावश्यक आहे, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी गाडी थरथरणार. रिंग अॅल्युमिनियमची, लेथवर तुमच्या मापाने करून घ्या. एमआयडीसीतला कुठलाही बरा टर्नर करून देईल. प्लास्टिकची रिंग घाटात ब्रेक तापले की मऊ पडते. बसवताना रिंगच्या आतून तांब्याचं ग्रीस अगदी पुसटसं लावा, नाहीतर अॅल्युमिनियम लोखंडी मानेला चिकटून बसतं. स्टडला मात्र ग्रीस नको. त्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणतो.

ऑफसेट: या १७ इंचीवर साधारण ७.५जे आणि ईटी ३० असतं, तरी प्रत्येक रिमवरचं कोरलेलं वाचा. तसं असेल तर बाहेर ९ मिमी, आत ३ मिमी. उत्तम. टायर २५५/६५ आर१७ घेतलात तर काही घासायचा प्रश्न नाही. २६५/६५ घेतला तर टायर आतून साधारण २ मिमी जवळ येतो, मग सस्पेन्शनच्या वरच्या कंट्रोल आर्मपाशी फट बघावी लागेल.

पैसे देण्याआधी एका रिमवर ही तपासणी करा, तीही टायर न चढवता:

घट्ट मळलेल्या कणकेची चपटी वडी कॅलिपरच्या सर्वात उंच भागावर आणि बाहेरच्या बाजूला चिकटवा. रिम बसवा, दोन नट हाताने लावा, चाक सावकाश एक फेरा फिरवा, काढा. कणीक जिथे सर्वात पातळ झाली तिथे काडीने टोचून जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी असेल तर रिम नको, कारण आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही तिथूनच जातात आणि बारीक खडा अडकला तर खोबण पाडतो.

मग रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवा, टोकदार काही जवळ धरा. वर-खाली किंवा आत-बाहेर १ मिमीपेक्षा जास्त हलला तर सोडून द्या.

तड्यासाठी रॉकेल आणि खडू. आतली कड आणि काड्यांची मुळं स्वच्छ करा, रॉकेल चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल वर येऊन भुकटीत ओली रेघ उमटते. नुकताच रंगवलेला जुना रिम असेल तर ही परीक्षा रंगाखाली फसते, म्हणून मागची बाजू मूळ रंगाची असलेलाच घ्या. अलॉयवर वेल्डिंगची खूण दिसली तर भाव विचारूही नका.


मुरूमवाट

स्टेपनी विसरू नका. पाचवा रिम नसेल तर सौदा अपुरा आहे. ४×४ लावलेलं असताना पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असेल तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) ताण साचतो. म्हणून १.७ टक्के मोठे चार आणि जुनी १८ इंची स्टेपनी अशी जोडी रानात चालवायची नाही. स्टेपनी बॉडीखाली साखळीने टांगली जाते, तेव्हा नव्या रिमच्या मधल्या भोकातून ती अडकवायची पट्टी नीट धरते का आणि टायर तिथे मावतो का हे दुकानातच टांगून बघा. नट वेगळे झाले असतील तर जुन्या रिमसाठीचे सहा नट गाडीत ठेवा.

व्हॉल्व्ह: रबरी सोडून पितळी, आतून-बाहेरून नटाने आवळायचा आणि आखूड घ्या. रिमच्या कडेबाहेर डोकावणारा लांब व्हॉल्व्ह बाभळीच्या खोडाला किंवा दगडाला लागून तुटतो.


भीमाकाठ

बीडलॉकबद्दल लिहितो, कारण पर्याय २ अजून कुणालातरी भुरळ घालेल. खऱ्या बीडलॉकमध्ये टायरची बाहेरची कड रिम आणि वेगळ्या रिंगच्या मध्ये बोल्टांनी चिमटलेली असते. ते बोल्ट टॉर्क पान्ह्याने, समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि पुन:पुन्हा तपासायचे असतात. १० पीएसआयच्या खाली चालवणाऱ्यांसाठी ती वस्तू आहे. बाजारात जे दिसतं त्यातलं बरंचसं नुसतं शोभेचं: बोल्ट रिमलाच, टायरला काहीच धरत नाहीत. त्या भरवशावर हवा उतरवली आणि वळणावर चाक आडवं घासलं की टायर कडेवरून सुटतो. आणि त्या बोल्टांच्या डोक्यांभोवती आपली काळी माती असली चिकटते की विचारू नका.

साध्या रिमवर हवा: हायवेला गाडीच्या दारावरच्या पट्टीप्रमाणे, माल असेल तर मालाचा आकडा. रिकाम्या गाडीला मुरूम आणि दगडात २४ ते २६ पीएसआय, चिखलात २० ते २२. १८ च्या खाली नको. माल भरलेला असताना मागच्या चाकांची हवा उतरवूच नका. बाहेर पडल्यावर हवा भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, चिमटे थेट बॅटरीला. लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. साधारण दर ५-६ अंशांना १ पीएसआय वाढतो. दुपारी वाढलेला आकडा बघून हवा सोडली तर रात्री टायर कमी हवेवर पळतो आणि भिंत तापते.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. फेंडरच्या बाहेर डोकावणारं चाक लांबूनच दिसतं, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी आधी तेच बघते. मूळ उंचीचा टायर आणि मूळच्या जवळचा ऑफसेट ठेवलात तर वादाला जागा कमी.


शिवार४बाय४

भोकात बोट फिरवून पाहिलं, सपाट पायरी आहे. म्हणजे नळीवाले नट आणि रिंग दोन्ही लागणार. पाचवा रिम त्यांच्याकडे नाही. त्यामुळे हा सेट सोडतोय, १६ इंची मूळ सेट पाच नगांत शोधतो. टायर २५५/७० आर१६, लोड इंडेक्स जुन्याच्या बरोबरीचा. बसवल्यावर नट किती आवळायचे?


पान्हा२१

नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला. एम१२ स्टडला बहुतेक गाड्यांत तो १०५ ते १२० एनएमच्या (न्यूटन-मीटरच्या) दरम्यान असतो. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, सहाही नट हाताने टेकवा, जॅकवर असतानाच चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, हलके आवळा, चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्ह्याने दोन टप्प्यांत पूर्ण. दुकानात हवेच्या गनने शेवटपर्यंत मारू देऊ नका. त्याने स्टड ताणतात आणि पंक्चरच्या वेळी रानात पान्ह्यावर उभं राहूनही नट निघत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा एकदा तपासा. आणि पहिल्यांदा चिखलातून आलात की धुऊन झाल्यावर परत.